हार्ड डिस्क टकटक करते? आधी वायर काढा

बिघडलेल्या डिस्कमधला डेटा परत काढण्याचे, म्हणजे डेटा रिकव्हरीचे, आमचे काम. डेटा साठवण्याबद्दल त्याच त्या गोंधळाचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून या खेपेला ते एकत्र घेतो. ज्यांची हार्ड डिस्क आत्ता आवाज करते आहे, त्यांनी पाचवे उत्तर आधी वाचावे.

प्रश्न : फोनच्या खोक्यावर 8+128 लिहिले आहे. फोटोंसाठी 136 जीबी मिळतील का?

नाही. साठवण 128 जीबीच, आणि त्यातलीही काही जागा फोनची स्वतःची प्रणाली घेते. 8 जीबी ही रॅम. चालू अ‍ॅप्स तिच्यात काम करतात आणि फोन बंद झाला की ती रिकामी होते. ‘स्टोरेज फुल’ आले म्हणून रॅम साफ करणारी अ‍ॅप्स टाकू नका, त्यांनी एका फोटोचीही सोय होत नाही.

प्रश्न : 1 टीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटर 931 जीबी दाखवतो. दुकानदाराने फसवले का?

नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या. जागा तेवढीच, आकडा वेगळा.

प्रश्न : पेन ड्राइव्ह 64 जीबीचा, रिकामा आहे. तरी लग्नाची 6 जीबीची फिल्म त्यावर जात नाही.

ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅटने आतले सगळे जाते, हे विसरू नका. आणि टीव्हीवर बघायचे असेल तर टीव्हीला एक्सफॅट चालते का, हे आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा.

प्रश्न : ऑनलाइन 599 रुपयांत 2 टीबीचा पेन ड्राइव्ह मिळाला. आता त्यावरचे जुने व्हिडिओ उघडत नाहीत.

तो 2 टीबीचा नाहीच. अशा ड्राइव्हमध्ये चिप लहान असते आणि ती चालवणारा भाग, म्हणजे कंट्रोलर, कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतो. खरी जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात, नाहीतर कुठेच लिहिल्या जात नाहीत. नावे मात्र यादीत दिसत राहतात, म्हणून ही लबाडी महिनोन्महिने लक्षात येत नाही. जे उघडते ते लगेच दुसरीकडे काढून घ्या. जे लिहिलेच गेले नाही, ते कोणीही परत आणू शकत नाही. यापुढे नवा ड्राइव्ह ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा, आणि तोही परत करण्याची मुदत संपण्याआधी.

प्रश्न : एक्स्टर्नल हार्ड डिस्क टेबलावरून पडली. आता टकटक आवाज येतो. मित्र म्हणतो, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव.

ठेवू नका! आधी वायर काढा आणि परत जोडू नका.

डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला हजारो फेरे फिरत असतात आणि वाचणारे हेड त्यांच्यावरून, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावरून जात असते. पडल्यावर ते हेड वाकू शकते किंवा निकामी होऊ शकते. टकटक म्हणजे हेडला जागा सापडत नाही, म्हणून ते परत परत प्रयत्न करते आहे. त्यात ते चकतीला घासले, तर जो थर खरवडला जातो त्यावरच तुमचे फोटो असतात. ‘अजून एकदा लावून बघू’ यात वाचण्यासारखा डेटाही लोक घालवून बसतात, याचे मला फार वाईट वाटते. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरते. रिकव्हरी सॉफ्टवेअर जखमी डिस्कला तासन्‌तास वाचायला लावते. तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट बोर्ड बसवूनही हेड दुरुस्त होत नाही. शिवाय आजच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या बोर्डावर त्याच डिस्कची खास माहिती असते.

डिस्क धूळमुक्त कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी केंद्रातच उघडायला द्या, कोपऱ्यावरच्या दुकानात नव्हे. तपासणीचा अहवाल आणि खर्चाचा अंदाज लेखी मागा. न पाहताच फोनवरून शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. आधी कोणी डिस्क उघडली असेल तर तेही लपवू नका.

प्रश्न : मग एसएसडी (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घेतली की बॅकअपची गरज नाही ना?

आहे. पडण्याची भीती कमी होते, पण एसएसडी पूर्वसूचना न देताही बंद पडते. त्यात डिलीट केलेल्या फाइलीची जागा ‘ट्रिम’ या आपोआप साफसफाईच्या सोयीमुळे बरेचदा लवकरच साफ होते, मग आमच्याही हाती काही लागत नाही. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर.

प्रश्न : मुंजीची जुनी डीव्हीडी अडकत चालते. दिवाळीच्या सुट्टीत कॉपी केली तर चालेल का?

या रविवारी करा. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर काळाने खराब होतो. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहा. तिथेही अडकली, तर पॉलिश करायला न देता तज्ज्ञाकडे न्या.