पाइपाभोवती फोम मारलाय, चालेल का?

दादा, पाथर्डी फाट्याच्या तुमच्या बिल्डिंगमध्ये मीटर रूम आणि जिन्याच्या मधल्या भिंतीतून प्लंबरने ४ इंची पीव्हीसी पाइप नेला, भोवतीची फट फोमने बुजवली, आणि आता तो म्हणतो काम झालं. नाही झालं.

सगळे फट बघतात, पाइप कोणी बघत नाही. पीव्हीसी ८० डिग्रीच्या आसपासच मऊ पडायला लागतो, आगीत तो लोंबतो, वितळतो, आणि मग दोन तास आग अडवायला बांधलेल्या भिंतीत ४ इंची भोक मोकळं, धूर थेट जिन्यात. म्हणून भोवती सिमेंट ठासून भरलं तरी उपयोग नाही, तिथे फायर कॉलरच लागतो. लोखंडी पट्टा असतो, आत उष्णतेने फुगणारा माल, तो मऊ झालेल्या पाइपला आवळत भोक बंद करतो. भिंतीला दोन्ही बाजूंनी बसवायचा कारण आग कुठून येईल सांगता येत नाही, स्लॅबला खालून. आणि प्लास्टिकच्या रावल प्लगवर अजिबात नको, मेटल अँकर मारायला लावा, नाहीतर प्लग वितळला की कॉलरच खाली.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप असता तर सोपं होतं, रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) घट्ट कोंबून वरून फायर सिलंट.

आता फोम. साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम स्वतःच पेटतो. १९७५ ला अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबल भिंतीतून जातात तिथली हवेची गळती शोधायला कामगाराने चक्क मेणबत्ती धरली, सील होतं पीयू फोमचं, ते पेटलं आणि १,६०० च्या वर केबल जळाल्या. फायरवाला फोमही मिळतो, पण तो ठराविक रुंदीच्या फटीपुरताच टेस्ट केलेला असतो, आणि नुसता गुलाबी रंग बघून दुकानदारावर विश्वास ठेवू नका, साधा फोमही गुलाबी असू शकतो. टेस्ट रिपोर्ट मागा, त्यात तुमचाच पाइप, तुमच्याच जाडीची भिंत आणि तेवढीच फट आहे का ते बघा.

जानेवारी-जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, देणारी एजन्सी येते ना, ती बहुतेक वेळा पंप आणि होज बघून निघते (सगळ्या नाही, पण बऱ्याच). त्यांना शाफ्टचं (पाइप-केबल मजल्यांवर नेणारी उभी पोकळी) दार उघडून प्रत्येक मजल्याची भोकं दाखवा. प्लंबरचं उरलेलं बिल तोपर्यंत थांबवा. आणि शाफ्टची चावी वॉचमनकडे नको, सेक्रेटरीकडे, कारण हे सगळं नीट केलं की पुढच्याच महिन्यात इंटरनेटवाला ड्रिल घेऊन येतो.