स्थळासाठी फोटो काढायचाय, पण कॅमेरा समोर आला की मी आखडते. काय करू?

तुम्ही लिहिलंय की घरचे फोटोसाठी मागे लागलेत, स्टुडिओत गेलं की चेहरा आखडतो आणि आलेला फोटो बघून 'ही मी नाहीच' असं वाटतं. सोलापुरात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराईच्या तोंडावर येणारे निम्मे लोक पायरी चढता चढताच सांगतात, 'माझे फोटो चांगले येतच नाहीत हो.' म्हणजे हे तुमचं एकटीचं दुखणं नाही.

'ही मी नाहीच' वाटण्यामागे आरसा आहे. रोज आरशात आपण आपला उलटा चेहरा बघतो, भांग दुसऱ्या बाजूला असलेला, आणि डोळ्यांना तोच सवयीचा होतो. फोटोत चेहरा जगाला दिसतो तसा येतो, म्हणून खटकतो. १९७७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात हे तपासून पाहिलं होतं. तरुणींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटी. स्वतःला बहुतेकींना उलटी आवडली, मैत्रिणींना सरळ. तुमचा जो फोटो तुम्हाला विचित्र वाटतो तो तुमच्या मैत्रिणीला छान वाटतो, आणि ती तुमची समजूत काढत नसते.

दुसरा घोळ मोबाइलचा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं, त्यामुळे ते मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. २०१८ साली एका अभ्यासात हे मोजलं होतं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत फूटभर अंतरावरच्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. म्हणून सेल्फी बघून स्वतःच्या नाकाला नावं ठेवू नका. फोटो दुसऱ्याला काढू द्या, त्याला पाच-सहा फूट लांब उभं करा आणि कॅमेरा थोडा झूम करायला सांगा.

आता आखडण्याचं. माझ्या मते याला निम्मा जबाबदार फोटोग्राफर असतो. 'स्माइल प्लीज' म्हटलं की ओठ हसतात, डोळे नाही. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आवळतो तो हुकमावर चालत नाही. त्यामुळे मी स्माइल म्हणतच नाही, बोलत राहतो. शेंगाचटणी घरी कुटता की विकत आणता, गड्ड्याच्या जत्रेत या वर्षी पाळण्यात बसलात का, असलं काहीही. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातली एखादी आजी आली तर मोडकंतोडकं तेलुगू बोलतो, ते ऐकूनच तिला हसू आवरत नाही. बोलणं थांबल्यावर जो अर्धा क्षण चेहरा सैल पडतो, तोच फोटो घरी नेला जातो. तुमचा फोटोग्राफर मुका असेल तर तुम्हीच त्याला प्रश्न विचारा. खरंच सांगतो, चालतं.

शरीराचं थोडक्यात. कॅमेऱ्यासमोर छाती काढून सरळ उभं राहू नका, जरा तिरकं उभं राहा आणि वजन मागच्या पायावर ठेवा. हातांना काम द्या, ओढणीचं टोक धरा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवा. हनुवटी किंचित पुढे आणि खाली. करताना हे कासवासारखं वाटतं, पण जबड्याची रेघ नीट येते. डोळे मिटत असतील तर आधीच मिटून घ्या आणि 'तीन' म्हटल्यावर श्वास सोडत उघडा. पहिले दहा-पंधरा फोटो फेकायचेच असतात, त्यामुळे मध्ये उठून स्क्रीन बघायला येऊ नका. एक वाईट फोटो दिसला की पुढचे सगळे त्याच्या धाकात येतात.

स्टुडिओचीच भीती वाटत असेल तर घरी काढा. सकाळी, ऊन थेट येत नाही अशा दाराच्या जरा आत, बाहेर तोंड करून उभ्या राहा. एवढा मऊ उजेड माझ्या महागड्या लाइटांनाही सहज जमत नाही. सिद्धेश्वर तलावाकाठी जायचा मोह पहिल्या खेपेला तरी टाळा. जागा सुंदर आहे, पण येणारा-जाणारा थांबून बघतो आणि तुमच्यासारख्या माणसाचं तिथेच संपतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी तर नकोच, सोलापूरचं ऊन मेकअपला पाच मिनिटंही टिकू देत नाही.

सोबत एकच माणूस न्या, तुम्हाला हसवणारं. आई, मावशी, वहिनी अशी फौज कॅमेऱ्यामागे उभी राहून 'पदर नीट कर की', 'दात दाखवू नको' म्हणायला लागली की मलाही घाम फुटतो. आईंना बाहेर चहा पाजतो मी.

एडिटिंगचं आधीच बोलून घ्या. माझा नियम असा आहे, दोन आठवड्यांत आपोआप जाणारी गोष्ट काढतो, म्हणजे पुटकुळी, ओरखडा. तीळ, व्रण, रंग यांना हात लावत नाही. 'जरा गोरी करा' हे अजूनही रोज ऐकतो आणि रोज नाही म्हणतो, त्यात दोन-चार गिऱ्हाइकं गेली तरी चालतील. समोरचे लोक प्रत्यक्ष भेटणारच आहेत. फोटोतली आणि दारातली मुलगी वेगळी निघाली तर अवघडायचं तुम्हालाच.

आणि फोटो निवडायचं काम स्वतःकडे ठेवू नका. आरशाचं कारण वर सांगितलंच. मैत्रिणीला चार निवडायला सांगा, त्यातले दोन आईंना ठरवू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चार मामांच्या फोनमधून फिरून येईपर्यंत तुमच्या चेहऱ्याचे ठोकळे झालेले असतील.