सीए फायनल राहिली, पण ‘मी नालायक’ हा निष्कर्ष कुठून आला?

प्रश्न : मी 25 वर्षांची, इचलकरंजीची. बाबा कापडाच्या पेढीवर दिवाणजी आहेत. पुण्यात आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, पूर्ण केली. सीए फायनलचा पहिला ग्रुप पहिल्या फटक्यात निघाला, दुसरा मात्र तिसऱ्यांदा राहिला. या वेळी तिन्ही पेपरांत 40च्या वर आहेत, पण बेरीज 146 झाली. 150 हवे होते. निकालानंतर घरी आले आहे. झोप लागत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. आईनं मामाला फोनवर ‘अजून एक ग्रुप राहिलाय’ असं सांगितलं, ते ऐकून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसले. चुलत बहिणीच्या साखरपुड्यालाही गेले नाही. आर्टिकलशिपचे सर पेड असिस्टंट, म्हणजे पगारी सहायक, म्हणून बोलावत आहेत, त्यांना महिनाअखेरीला उत्तर हवंय. नोकरी घेतली तर मी हरले असं होईल. पुन्हा बसले आणि राहिले तर सहन होणार नाही. मॅडम, मी नालायक आहे का, एवढंच सांगा.

उत्तर : तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नोकरी की अटेम्प्ट, हा एक. मी नालायक आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचा गुंता सुटेपर्यंत पहिल्याला हात घालू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. आज तू नोकरी घेतलीस तर ती तोंड लपवायला घेशील आणि फॉर्म भरलास तर तो डाग पुसायला भरशील. दोन्हीत करिअरचा विचार कुठेच नसेल.

मी करिअर समुपदेशक आहे, मानसोपचार करत नाही. पण स्पर्धेत अडकलेल्या मुलामुलींबरोबर काम करताना मानसशास्त्रातल्या एका पद्धतीचा मला फार आधार वाटत आला आहे. ती तुला सांगावीशी वाटते.

अल्बर्ट एलिस हे न्यूयॉर्कमध्ये वाढलेले मानसशास्त्रज्ञ. आधी मनोविश्लेषणाच्या पद्धतीनं काम करायचे. रुग्णाचं बालपण उकरत वर्षं जातात आणि माणूस होता तिथेच राहतो, हे पाहून ते अस्वस्थ झाले. 1955च्या सुमारास त्यांनी वेगळी पद्धत मांडायला सुरुवात केली. आज ती आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) म्हणून ओळखली जाते, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. आपल्याकडे मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथे रुजवली. मूळ विचार खूप जुना आहे. एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ सांगून गेला होता की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं करतात. एलिस यांनी त्या विचाराचं रोज वापरता येईल असं तंत्र केलं.

तुझ्या बाबतीत ते कसं लागू पडतं ते बघ. घटना : 146 मार्क. परिणाम : झोप उडाली, धडधड, साखरपुडा टाळला. तू या दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ ओढली आहेस, म्हणजे निकालानं माझी ही अवस्था केली, असं. पण मध्ये तुझी काही ठाम वाक्यं उभी आहेत. मी पास व्हायलाच हवं होतं. झाले नाही हे भयंकर आहे. पुन्हा राहिले तर सहन होणार नाही. आणि सगळ्यांत जड वाक्य, मी नालायक आहे. एलिस यांना अविवेकी समजुती म्हणायचं होतं ते यांनाच. माणसं वेगळी आणि प्रसंग वेगळे असले, तरी या चारांपैकी एखादी तरी त्यांना हटकून सापडायची.

तू पहिल्या ग्रुपला ऑडिटचा पेपर देऊन पास झाली आहेस. क्लायंटनं ताळेबंदात दाखवलेला आकडा केवळ तो म्हणतो म्हणून तू मान्य करत नाहीस. व्हाउचर मागतेस, बँकेकडून बाकीची खातरजमा करतेस, स्टॉक डोळ्यांनी बघतेस. मग ‘मी नालायक’ या नोंदीवर तू पुराव्याशिवाय सही कशी केलीस? या पद्धतीत नेमकं तेच करायचं असतं. समजूत समोर घ्यायची आणि तिला तीन प्रश्न विचारायचे. हिला पुरावा काय? एकावरून दुसरं खरंच निघतं का? आणि ही धरून ठेवून माझं भलं होतंय का?

पुरावा आधी घेऊ. कागदावर एवढंच दिसतं की दुसऱ्या ग्रुपच्या बेरजेत या वेळी चार मार्क कमी पडले. त्याच कागदांत फायनलच्या आधीची इंटर परीक्षा पास झालेली, आर्टिकलशिप पुरी केलेली आणि फायनलचा पहिला ग्रुप पहिल्याच अटेम्प्टला काढलेली मुलगीही आहे. अलीकडच्या वर्षांचे निकाल काढून बघ. दोन्ही ग्रुप एकत्र देऊन दोन्ही पास होणाऱ्यांचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आतच राहिलं आहे. उरलेली सगळी मुलं नालायक आहेत असं तू तुझ्या रूममेटला तोंडावर म्हणशील का?

आता दुसरा प्रश्न. समज, तुझी कर कायद्याची तयारी खरोखर कच्ची होती. त्यावरून ‘माझी कर कायद्याची तयारी कच्ची’ एवढंच निघतं. ‘मी’ म्हणजे आईशी बोलणारी, मैत्रिणीच्या आजारपणात जागणारी, क्लायंटच्या ऑफिसात रात्री उशिरापर्यंत बसून रिटर्न भरणारी अशी सगळी मिळून तू. या सगळ्याला एका ग्रुपच्या बेरजेवरून एकच शेरा कसा देता येईल? एलिस यांचा यावर फार जोर होता. कृतीचं मूल्यमापन करा, कठोरपणे करा, पण माणसाला एकगठ्ठा मार्क देऊ नका. हे मला त्यांच्या सगळ्या मांडणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं, कारण आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. शेजारची मुलगी पास झाली की ती ‘गुणाची’ होते आणि नापास झाली की लगेच ‘तिच्यात दमच नव्हता’.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तूच पत्रात दिलं आहेस. स्वतःला नालायक म्हटल्यापासून तुझ्याकडून पुस्तक उघडलं जात नाही. ही समजूत तुला पास व्हायला मदत करत असती तरी एक वेळ समजलं असतं, पण ती तर अभ्यासाच्याच आड येते आहे.

‘सहन होणार नाही’ हेही तपासून घे. तीनदा निकाल लागला आणि तीनदा तू तो सहन केलास. आवडला नाही, खूप दुखलं, तरी सहन झाला. चौथ्यांदा होणार नाही, हे कशावरून?

हे म्हणजे ‘सकारात्मक विचार कर’ असं मी सांगते आहे, असं समजू नकोस. ‘मी पुढच्या वेळी होणारच’ असं आरशासमोर म्हणणं हाही हट्टच आहे आणि निकाल वेगळा लागला की तो दुप्पट जोरानं आपटतो. एलिस यांनी इच्छा सोडायला कधीच सांगितलं नाही. सीए व्हायची इच्छा ठेव, जोरकस ठेव. फक्त तिची सक्ती करू नकोस. तुझ्या जुन्या वाक्याच्या जागी हे वाक्य लिहून बघ : ‘मला सीए व्हायचं आहे आणि त्यासाठी मी झटेन. पण मी झालेच पाहिजे असा जगाचा नियम नाही. नाही झाले तर मला खूप वाईट वाटेल, काही दारं बंद होतील, तरी मी जगेन आणि दुसरं काही उभं करेन.’ हे म्हटल्यावर दुःख संपणार नाही, आणि संपूही नये. चार मार्कांनी ग्रुप राहिला तर कुणालाही वाईट वाटेल. पण वाईट वाटलेल्या माणसाला रडून झाल्यावर जेवता येतं, साखरपुड्याला जाता येतं, पुस्तक उघडता येतं. खचलेल्याला यातलं काही जमत नाही. तुला खचलेपणापासून वाईट वाटण्यापर्यंत यायचं आहे.

बाबांबद्दल तू पत्रात पुढे एक वाक्य लिहिलं आहेस : ‘पेढीवर सीए आले की शेठ खुर्चीतून उठतात, असं बाबा लहानपणापासून सांगायचे.’ त्या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. आयुष्यभर दुसऱ्याच्या वह्या लिहिलेल्या माणसाला आपल्या मुलीसाठी कुणीतरी उठून उभं राहावं असं वाटणं किती साहजिक आहे. तो त्यांच्या मायेचा भाग आहे. पण ऐकता ऐकता त्याचा अर्थ तू असा लावून घेतलास की जिच्यासाठी शेठ उठत नाहीत तिला किंमत नाही. बाबा असं म्हणाले होते का? त्यांच्यासाठी शेठ उठत नाहीत, म्हणून तुझ्या लेखी बाबांची किंमत कमी आहे का? जमलं तर हे त्यांच्याशीच बोल. आईच्या ‘अजून एक ग्रुप राहिलाय’ या वाक्यात मला तरी टोमणा ऐकू आला नाही, ती फक्त माहिती होती. नळ सोडण्याआधी तुझ्या मनात त्या माहितीला काय काय जोडलं गेलं, ते वहीत लिहून काढ.

कारण हे सगळं लिहूनच करायचं असतं. मनातल्या मनात वाद घातला की जुनी समजूतच जिंकते, ती जास्त सरावलेली असते. आणि नुसतं लिहूनही भागत नाही, कृती लागते. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. 19व्या वर्षी त्यांनी ठरवून ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायला सुरुवात केली, महिनाभरात शंभराहून अधिक. त्यांतली एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. पण नकारानं आपलं काही मोडत नाही हे त्यांना अंगावर घेऊन कळलं. भीती गेली ती त्यामुळे.

तुझ्यासाठी तशी कृती मला पत्रातच सापडली. उत्तरपत्रिकेची प्रत मागवायचं धाडस होत नाही, असं तू लिहिलं आहेस. तीच मागव. सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटकडे अर्ज निकालानंतर महिनाभरातच करावा लागतो आणि त्यातले दोन आठवडे गेले आहेत, म्हणून अर्ज आज भर. अर्ज भरताना मनात जे वाक्य उठेल, ते वहीत लिही आणि त्याला ते तीन प्रश्न विचार.

ही पद्धत जादू नाही. 2018 साली तिच्यावरच्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात परिणाम मध्यम आकाराचा दिसला, पण दिसला. एकट्यानं करण्यापेक्षा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाबरोबर ती नीट जमते, कारण आपली समजूत आपल्याला समजूत वाटतच नाही, सत्य वाटते. पुण्याला परतलीस की अशी व्यक्ती शोध आणि पहिल्या भेटीतच ‘तुम्ही आरईबीटी किंवा सीबीटीनं काम करता का’ असं विचार. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) ही याच कुळातली पद्धत आहे. झोप अशीच उडालेली राहिली तर मनोविकारतज्ज्ञांनाही दाखव. जगणं नको असा विचार एकदा जरी मनात आला, तर वही बाजूला ठेव, आईला उठव आणि 14416 लाव. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता नोकरी. सरांना या आठवड्यात फोन कर आणि उत्तर द्यायला थोडी मुदत मागून घे. बोलावणं त्यांचं आहे, त्यांना तुझं काम माहीत आहे. त्यांना हेही विचार की अर्धा दिवस काम किंवा परीक्षेआधी सुट्टी असं काही जमेल का. बऱ्याच फर्ममध्ये पेड असिस्टंटना अशी सवलत मिळते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. इंटर आणि आर्टिकलशिप झालेल्यांना जीएसटी, ऑडिट आणि कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात मागणी आहे, त्यामुळे फायनल कायमची राहिली तरी तू रस्त्यावर येणार नाहीस. मात्र सही करण्याचा अधिकार आणि स्वतःची प्रॅक्टिस सीए झाल्याशिवाय नाही. हा तोटा खरा आहे, तो मी लपवणार नाही.

अटेम्प्टबद्दल एकच सांगते. तुझे तीनपैकी दोन पेपर कराचे आहेत आणि कर कायदा थांबत नाही. 1961चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026पासून 2025चा कायदा लागू झाला आहे. तू जो अटेम्प्ट धरशील त्याला कोणत्या तरतुदी लागू आहेत, ते इन्स्टिट्यूटच्या सूचनेत बघून मगच वेळापत्रक आख. तिसरा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, ओपन बुक केस स्टडीचा आहे. तिथे तुला 47 आहेत. केस समजली नाही, की समजली पण उत्तराची बांधणी जमली नाही, की वेळ पुरला नाही, हे उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय कळणार नाही. प्रत आली की त्या पेपरापासून सुरुवात कर आणि काय दिसलं ते मला कळव. तुला नोकरी सांभाळून बसता येईल की काही महिने पूर्णवेळ द्यावे लागतील, हे त्यावरून ठरवू.