माउथवॉश: चूळ कधी, किती आणि कशानंतर?

प्रश्न: हिरड्यांतून रक्त येतं म्हणून डॉक्टरांनी क्लोरहेक्झिडिन दिलं आहे. ब्रश झाल्या झाल्या चूळ भरते. दहा दिवसांत फारसा फरक नाही, उलट दात तपकिरी दिसायला लागले. औषध बदलू का?

उत्तर: औषध नको, वेळ बदला. क्लोरहेक्झिडिनच्या रेणूवर धनभार असतो आणि जिवाणूंच्या आवरणावर ऋणभार, म्हणून ते त्यांना जाऊन चिकटतं. आवरणाला गळती लागते, पोटॅशियम बाहेर पडतं आणि जिवाणूंची वाढ थांबते. मात्रा पुरेशी असेल तर आतलं द्रव्य गोठून ते मरतात. पण टूथपेस्टला फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटवरही ऋणभारच असतो. तोंडात पेस्ट उरली असेल तर औषध तिलाच चिकटतं आणि वाया जातं.

सकाळी ब्रश करा, चहा-नाश्ता उरका, साध्या पाण्याने तोंड स्वच्छ धुवा आणि मग माउथवॉश घ्या. रात्री जेवणानंतर ब्रश करा आणि किमान अर्ध्या तासाने, झोपण्यापूर्वी चूळ भरा. 0.2 टक्क्यांचं असेल तर 10 मिली, पाणी न घालता, मिनिटभर. घशात गुळण्या करू नका. गाल फुगवून दातांच्या फटींतून खळखळवा, कारण काम हिरड्यांशी आहे. थुंकल्यावर कडवट लागलं तरी पाण्याने तोंड धुऊ नका. दात आणि गालाच्या आतल्या त्वचेला चिकटलेलं औषध पुढचे कित्येक तास, साधारण बारा तासांपर्यंत, हळूहळू सुटत राहतं. या औषधाची खरी ताकद हीच. 1970 साली डेन्मार्कमध्ये लो आणि शॉट यांनी दाखवून दिलं, की दिवसातून दोनदा 0.2 टक्क्यांची चूळ भरली तर ब्रश बंद असतानाही दातांवर थर धरत नाही.

डाग पडतात तेही या चिकटण्यामुळेच. दातावर बसलेल्या औषधाला चहा-कॉफीतलं टॅनिन धरतं. हे डाग वरवरचे असतात, दवाखान्यात पॉलिश केले की जातात. ते घालवायला मिश्री किंवा मीठ घासू नका, दाताचं कवच झिजतं. मिठाची चव काही दिवस कमी लागते, ती परत येते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दोन आठवड्यांनंतर थांबा. तरीही रक्त येत असेल तर आत कीटण असणार. ते खरवडूनच काढावं लागतं.

प्रश्न: चांगला माउथवॉश असेल तर ब्रशची गरज काय?

उत्तर: सकाळी उठल्यावर, ब्रशच्या आधी, हिरडीच्या कडेला दातावरून नख फिरवा. पांढरट, मऊ लगदा निघेल. आता चूळ भरा आणि शेजारच्या दातावर नख फिरवा. लगदा तिथेही निघेल. जिवाणू स्वतःभोवती चिकट जाळं विणून थरात राहतात. औषध वरच्या जिवाणूंपर्यंत पोहोचतं, खालचे सुखरूप असतात. आधीच धरलेला थर ब्रशनेच मोडावा लागतो, माउथवॉश नवा थर धरू देत नाही. वर केवळ चुळीने भागल्याचं सांगितलं, ते आधी स्वच्छ केलेल्या दातांवर. हिरडीखालच्या खोल फटीतही चूळ पोहोचत नाही.

प्रश्न: वडिलांचं तोंड सतत कोरडं असतं. दुकानातला झणझणीत माउथवॉश चालेल का?

उत्तर: बाटलीवर अल्कोहोल आहे का ते आधी पाहा. थायमॉल, निलगिरी, मेंथॉलच्या तेलांच्या जुन्या प्रकारांत ते 20 टक्क्यांच्या वर असतं आणि कोरड्या तोंडाची आग वाढवतं. बिनअल्कोहोलचा, सेटिलपायरिडिनियम क्लोराइडचा घ्या. तोही धनभारित असतो, पण क्लोरहेक्झिडिनइतका वेळ टिकत नाही. कोरडेपणाचं कारण मात्र शोधाच. रक्तदाबाची, अॅलर्जीची कितीतरी औषधं लाळ आटवतात.

प्रश्न: काल अक्कलदाढ काढली. चूळ कधी भरू?

उत्तर: पहिले 24 तास अजिबात नाही, जोरात थुंकूही नका. खाचेतली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं आणि ठणका लागतो. त्यानंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, ते तोंडात नुसतं हळूच फिरवून सोडून द्या.

प्रश्न: पाच वर्षांच्या मुलीला द्यावा का?

उत्तर: नाही. सहा वर्षांखालची मुलं तो गिळतात.