अध्यादेश की जीआर?

'अध्यादेश निघाला' असं लिहिण्याआधी कागद नीट बघत जा, भाऊ. बहुतेक वेळा तो शासन निर्णय, म्हणजे जीआर असतो. तळाशी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ दिसते, तिथंच नवखे फसतात. सही मात्र विभागाच्या अधिकाऱ्याची असते. जीआरनं कायदा बदलत नाही, आणि आपल्या बातमीवर विसंबून शेतकरी तहसीलला खेटे घालतो.

अध्यादेश हा कायदाच. राज्यघटनेच्या कलम 213 खाली राज्यपाल काढतात, राजपत्रात छापतात. अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी नाही मिळाली तर तो संपतो. दोन्ही सभागृहं चालू असताना काढताच येत नाही. त्यामुळे नागपुरात हिवाळी अधिवेशन रंगलेलं असताना कोणी 'आजच अध्यादेश आला' म्हणालं, तर आधी प्रत माग.