जुन्या बुलेटचा एअर फिल्टर काढून टाकला तर चालेल का?

आपला प्रश्न असा आहे की, वडिलांच्या १९७४ सालच्या बुलेट ३५०चा एअर फिल्टरचा डबा गंजून खलास झाला असून, 'जुन्या इंजिनाला फिल्टर लागत नाही, डबा काढून टाका, गाडी मोकळी पळेल' असा सल्ला मेस्त्रींनी दिला आहे, तो मानावा का. आणि काकांची बंद पडून असलेली येझदीही चालू करायची आहे, तर तिला काय लावावे. माझे उत्तर असे की डबा काढू नये. तो दुरुस्त होण्यासारखा नसेल तर नवा घ्यावा (पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत एक चक्कर मारावी), आणि तो बसेपर्यंत गाडी घराबाहेर काढू नये.

मेस्त्रींचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे नाही. त्या पिढीतल्या कित्येक ब्रिटिश मोटरसायकलींना एअर फिल्टर हा वेगळे पैसे देऊन घ्यायचा भाग असे आणि कार्बोरेटरचे तोंड सरळ उघडे असे. मात्र तिथले रस्ते डांबरी, हवा दमट, आणि ठरावीक मैलांनंतर हेड उतरवून काजळी काढणे, रिंगा बदलणे, बोअर करून घेणे (झिजलेला सिलिंडर आतून थोडा मोठा करून घेणे) हे मालकांच्या अंगवळणी पडलेले होते. दुसऱ्या महायुद्धात त्याच बनावटीच्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६एच या गाड्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गेल्या, तेव्हा लष्कराने त्यांच्या पेट्रोलच्या टाकीवर व्होक्स कंपनीचा भलामोठा फिल्टरचा डबा बसवला आणि तिथून जाड नळी कार्बोरेटरपर्यंत आणली. दिसायला ते प्रकरण बेढबच होते, पण त्याच्याशिवाय वाळूत निभाव लागला नसता. आपले उन्हाळ्यातले रस्ते इंग्लंडपेक्षा त्या वाळवंटाच्या जवळचे आहेत, हे सांगायला नकोच.

आता थोडा हिशेब करू. बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे, फोर स्ट्रोक. म्हणजे दर दोन फेऱ्यांना ते एकदा हवा ओढते. ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० वेळा झाले. सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरत नाही हे लक्षात घेऊन ८० टक्के धरले, तरी तासाला सुमारे २५ घनमीटर हवा आत जाते. त्या हवेत दर घनमीटरला केवळ १ मिलिग्रॅम धूळ आहे असे मानले (खडीच्या ट्रकमागे ती याच्या कितीतरी पट असते), तर १०० तासांच्या चालवण्यात अडीच ग्रॅम होते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव भाग किंवा थोडा अधिक. तेवढी बारीक भुकटी कोणी आपल्याला स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये टाकायला सांगितली, तर आपण टाकू का?

ही धूळ काय करते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. डोळ्यांना दिसणारे खडे फारसे त्रास देत नाहीत. खरा उपद्रव ५ ते २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांचा असतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असल्यामुळे या मापाचा कण त्यात अडकून दोन्ही बाजूंना ओरखडत राहतो. क्वार्ट्झची वाळू खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोहस् मापनात ७ कठीण असते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात क्वार्ट्झ जवळजवळ नसते हे खरे, पण त्याच्या भुकटीतले फेल्डस्पारही ६च्या आसपास असते, आणि बिडाचा सिलिंडर त्याच्यापुढे मऊच ठरतो. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा तेलाचा थर सर्वांत पातळ होतो, म्हणून झीजही तिथेच सर्वांत जास्त होते आणि बोअरमध्ये वरच्या बाजूला बोटाला लागेल असा खांदा तयार होतो. रिंगांमधून निसटलेली धूळ खाली तेलात उतरते. तेथून पंप तिला बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला जोडला जातो त्या बेअरिंगकडे, पाठवतो. कापडी ऑइल फिल्टर काही कण अडवतो, सगळे नाही. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणे हा त्यामानाने स्वस्त भाग आहे. क्रँक उघडावी लागली की खर्च कुठच्या कुठे जातो.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या बुलेटचा मूळ डबा काढून मी कार्बोरेटरच्या तोंडावर बाजारातली एक स्वस्त, निमुळती फोमची टोपी क्लिपने आवळली होती. आवाज भारदस्त झाला आणि मी खूश होतो. त्या हिवाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवर भरपूर फिरलो. पुढच्या दिवाळीपर्यंत गाडी तेल खाऊ लागली, आणि किक इतकी हलकी लागू लागली की अ‍ॅमीटरचा काटा बघून, डिकॉम्प्रेशर (सिलिंडरमधला दाब सोडणारी खिटी) दाबून पिस्टन नेमक्या जागी आणण्याचा सगळा सोपस्कारच निरर्थक झाला. टोपी काढून कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवले, तर बोटावर तांबूस लेप आला, आणि तो अंगठ्याशी चोळल्यावर करकरला. हेड उतरवले. वरची रिंग बोअरमध्ये ठेवून टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली. ७० मिलिमीटर बोअरला जी फट पंचवीस-तीस शतांश मिलिमीटरच्या घरात असायला हवी, ती एक मिलिमीटरच्या वर गेली होती. त्या टोपीचा फोम कोरडा होता, त्याची छिद्रे उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसत होती, आणि मी ती टोपी विकत घेताना एकदाही उजेडात धरून पाहिले नव्हते.

म्हणून फिल्टर कोणता, या प्रश्नाला मी असे उत्तर देईन की धुळीसाठी डब्यात बसणारा कागदी फिल्टर सर्वांत भरवशाचा. तो धुवायचा नसतो. हलके आपटून, आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाची हवा मारावी, मग आत टॉर्च धरून कुठे टाचणीएवढे भोक दिसते का ते पाहावे. दिसले तर फेकून द्यावा. फोमचा वापरायचा असेल तर तो तेलात भिजलेलाच हवा, कारण धूळ पकडण्याचे काम फोमपेक्षा त्यावरचे चिकट तेल करते. तो रॉकेलमध्ये आणि नंतर साबणाच्या पाण्यात धुवावा, पेट्रोलमध्ये नाही (जोडाचा गोंद सुटतो, शिवाय आगीचा धोका आहे). पिळू नये, तळव्यांत दाबावा. सावलीत वाळवून फिल्टरचे तेल सर्वत्र सारखे लावावे. साधे इंजिन ऑइल लावले तर ते दोन दिवसांत ओघळून तळाशी जमते आणि वरचा भाग कोरडा पडतो. तेल लावलेल्या सुती जाळीचे महागडे फिल्टर डांबरी रस्त्याला ठीक आहेत, पण कच्च्या रस्त्याला मी कागदच निवडतो. आणि दर रविवारी फिल्टर साफ करण्याचा उत्साहही बरा नव्हे: कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर त्याला आणखी बारीक गाळायला मदतच करतो, उलट प्रत्येक वेळी डबा उघडताना आत घाण पडण्याची शक्यता असते.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र फिल्टरच्या पुढे, कार्बोरेटरच्या बाजूला आहे. डबा आणि कार्बोरेटर यांना जोडणारी रबरी नळी इतक्या जुन्या गाडीत बहुधा कडक होऊन तडकलेली असते, आणि तो तडा नेमका खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असतो. हवा नेहमी सोपी वाट धरते. फिल्टर कितीही उत्तम असला तरी पलीकडे भेग असेल तर धूळ तिथूनच आत येते. नळी नवी घ्यावी, दोन्ही टोकांच्या क्लिपा घट्ट कराव्यात, फिल्टर जिथे डब्याला टेकतो त्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्यावा. डबा गंजून आरपार गेला असेल तर त्याला लांबी (पुट्टी) भरून रंग देणे म्हणजे केवळ समाधान. खडखडाटात ती सुटते आणि तिचेच कण आत जातात.

डबा पुन्हा बसवल्यावर जेटकडेही, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीकडेही, पाहावे. कोणी मधल्या काळात उघड्या कार्बोरेटरसाठी मोठा मेन जेट टाकलेला असेल, तर आता मिश्रण जाड होईल, आणि जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढेल. म्हणजे धूळ थांबवूनही झीज चालूच राहील. एक-दोन किलोमीटर पाऊण ते पूर्ण थ्रॉटलवर चालवून इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. प्लगच्या टोकाभोवतीच्या चिनी मातीचा रंग बिस्किटासारखा असेल तर ठीक, काळी भुकटी असेल तर लहान जेट, पांढराफट्ट असेल तर मोठा.

येझदीच्या बाबतीत तर कसलीच सूट नाही. ती टू स्ट्रोक आहे, आणि टू स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल-तेलाचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जाते आणि तिथून सिलिंडरमध्ये येते. त्यामुळे मेन बेअरिंग, बिग एंड आणि क्रँकचे ऑइल सील यांना धूळ सिलिंडरच्याही आधी भेटते. बंद असलेल्या गाडीच्या फिल्टरच्या जागेत उंदराने किंवा गांधीलमाशीने घर केलेले मी दोनदा पाहिले आहे, तेव्हा काकांच्या गाडीला पहिली किक मारण्यापूर्वी तो भाग पूर्ण उघडून, कोरड्या कापडाने पुसून घ्यावा.

आणि आपल्या बुलेटचा नवा डबा बसल्यावर सुमारे पाचशे किलोमीटरनंतर नळी सोडून, कार्बोरेटरच्या तोंडातून पांढरे सुती कापड बोटाला गुंडाळून फिरवावे. पेट्रोलचा पिवळसर डाग आला तर काळजी नाही. करडा किंवा तांबूस आला, तर नळीची खालची बाजू आरसा धरून पुन्हा पाहावी.