एल्बोतून वाफ येते, लांबी लावू का?

प्रश्न : काका, आमच्या मागल्या पडवीत काजूबिया वाफवायचा लहान बॉयलर आहे. लाकडांवर चालतो, दाबाचा काटा तीन किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) ठेवतो. बॉयलरपासून बियांच्या पिंपापर्यंत पाऊण इंची पाईप गेलाय, त्याच्या मधल्या एल्बोतून, म्हणजे वळणाच्या जोडातून, फसफस वाफ येते आणि खाली पाणी ठिबकतं. मिस्टरांनी इपॉक्सीची लांबी (पुट्टी) लावून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, ती दोन दिवसांत सुटली. सकाळी व्हॉल्व्ह उघडला की पाईप ठणाठण वाजतो, पण तो आधीपासूनच वाजायचा. हल्ली बॉयलरला पाणीही जास्त लागतं. ओळखीचा वेल्डर म्हणतो, चालू बॉयलरवरच टाका मारून देतो. हंगाम ऐन भरात आहे, बिया पोत्यांत पडून आहेत. काय करू?
— एक वाचक, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : ताई, पहिल्यांदा त्या वेल्डरला चहा पाजून घरी पाठवा. दाबाखालच्या पाईपवर टाका मारायचा नसतो. त्या एल्बोचे आटे आतून खाल्ले गेले असतील. तापून लाल झालेला पातळ पत्रा तीन किलोच्या दाबापुढे टिकत नाही, आणि तो फाटला तर समोर तोच माणूस असेल.

तीन किलोवर वाफ साधारण 143 अंशांची असते. टाकीच्या गळतीला चालणारी लांबी आणि ट्यूबचं रबर या उष्णतेला टिकत नाही. दोन दिवस टिकली हेच मला नवल वाटतं. आणि टिकली असती तर जास्त वाईट झालं असतं, कारण आत काय चाललंय ते तुम्हाला कळलंच नसतं.

फट नेमकी कुठे आहे हे हाताने चाचपू नका. पांढरं दिसतं ते वाफेचं झालेलं धुकं. खरी वाफ भोकापाशी असते आणि ती दिसत नाही. मी तारवटी, बोटीच्या इंजिनरूममध्ये उमेद घालवली. तिथे मोठ्या दाबाच्या लायनीवर गळती शोधायला पुढे झाडू धरून चालायचे, झाडूचे हीर तुटले की समजायचं. तुमचा दाब तेवढा नाही, पण बोट भाजायला पुरेसा आहे. लांब काठीला कोरडं फडकं बांधा आणि ते कुठे ओलं होतं ते बघा. तेवढं झालं की आग काढायची.

लाकडाची आग बटणाने बंद होत नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. निखारे ओढून बाहेर काढा किंवा वर ओली राख, माती टाका. भट्टीत बादलीने पाणी मारू नका. आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं असेल तर त्या क्षणी थंड पाणी आत सोडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. पाण्याविना तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं की त्याची एकदम वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची उघड्यावर सोळाशे लिटरांहून जास्त वाफ होते. तुमच्याकडे पाणी जास्त लागतंय असं लिहिलंय, म्हणून हे आधी सांगितलं. पाणी कुठेतरी जातंय.

बॉयलर पूर्ण निवू द्या. काटा शून्यावर आला म्हणजे दाब गेला असं समजू नका, जुने काटे शून्यावर अडकतात. हवेचा कॉक उघडून बघा. तो उघडा ठेवला की निवताना आत पोकळी होऊन ओढ बसत नाही, हाही फायदा.

आता मूळ दुखणं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात : पाईप आधीपासूनच वाजायचा. एल्बो गळतो तो त्या ठणाठणीमुळे. रात्री पाईपात राहिलेल्या वाफेचं पाणी होतं. पाईप कुठे खाली झुकला असेल, तर ते पाणी त्या खळग्यात साचतं. सकाळी व्हॉल्व्ह भसकन उघडला की वाफ त्या पाण्याला ढकलते आणि ते पाणी पहिल्या वळणावर जाऊन आदळतं. पहिलं वळण म्हणजे तुमचा एल्बो. रोज सकाळी त्याला हातोडा बसतोय. नवा एल्बो बसवलात आणि पाईप तसाच ठेवलात, तर पुढच्या हंगामात तुमचं हेच पत्र पुन्हा येईल.

पाईपाला लांब दोरी लावून बघा, भिंतीतला एखादा हूक सुटलेला सापडेल. दर दोन मीटरवर आधार द्या. वाफ जाते त्या दिशेने उतार ठेवा, मीटरमागे एक सेंटिमीटर पुरतो. टोकाला, पिंपाच्या अलीकडे, साचलेलं पाणी सोडायला खाली एक कॉक हवा. सकाळी तो आधी उघडा, मग मोठा व्हॉल्व्ह एक-दोन वेढे, आणि पाईप गरम होईपर्यंत थांबा. चहा उकळेल एवढा वेळ लागतो.

फिटरला सांगून एल्बो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे निपल (आटे पाडलेले पाईपाचे आखूड तुकडे) नवे घाला, नुसता एल्बो नको. आटे पाडताना पाईपाची जाडी जाते, आणि गंज तिथेच लागतो. पाईप सी क्लासचा, लाल पट्टीचा घ्या. पाऊण इंचीत त्याची जाडी 3.2 मिलिमीटर असते, आटे पाडताना त्यातली मिलिमीटरभर तरी जाते. निळ्या किंवा पिवळ्या पट्टीचा स्वस्त पडतो, त्यात मग उरतं काय? जवळ युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, नसेल तर ती घाला, पुढल्या वेळी सगळा पाईप उसकटावा लागणार नाही. आट्यांना टेफ्लॉनची पट्टी चालते, सुतळी-सफेदा इथे नको.

पाण्याबद्दलही एक शंका आहे. सत्तरीतल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आंबट असतं. खार कमी साचतो म्हणून लोक खूश होतात, पण लोखंड तेच खातं. शिवाय गळतीमुळे रोज नवं पाणी ओतलं की त्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत जातो आणि आतल्या नळ्यांना खड्डे पडतात. पीएचच्या पट्ट्या आणून बॉयलरमधलं निवलेलं पाणी तपासा, तो आकडा 10 च्या वर हवा. कमी असेल तर बॉयलरवाल्याकडून औषध घ्या, घरचा सोडा अंदाजाने टाकू नका.

हंगामात सरकारी खात्याचं नाव काढलं की कपाळाला आठी पडते, ठाऊक आहे. तरी बॉयलरवरची पाटी वाचा. 1923 चा बॉयलर कायदा जाऊन आता 2025 चा आला, पण लहान-मोठ्याची रेघ तीच आहे : 25 लिटरांहून लहान किंवा एक किलोहून कमी दाबाचा असेल तर कायदा लागत नाही. तीन किलोवर चालवता म्हणजे प्रश्न लिटरांचाच. मोठा असेल आणि नोंद नसेल, तर पणजीला आल्तिनोवर कारखाने आणि बॉयलर निरीक्षकांचं कार्यालय आहे, तिथे जा. पाईपाचं काम तुमचा फिटर करील, पण बॉयलरच्या अंगाला वेल्डिंग लागत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय नको.

दोन दिवस जातील. वाळलेल्या बिया पोत्यात तेवढ्यात काही बिघडत नाहीत.

प्रश्न : गीझरच्या खालच्या लहान व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब थेंब पडतं. प्लंबर बूच मारतो म्हणतो.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बूच मारू देऊ नका. पाणी तापलं की वाढतं. 25 लिटरच्या टाकीत 25 अंशांवरून 70 वर नेलं की साधारण अर्धा लिटर जास्त होतं, आणि मागे जायला वाट नसेल तर ते त्या व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. तोच त्याचा उद्योग. गीझर बंद असतानाही, थंड पाणी असताना ठिबकत राहिलं, तर मात्र आत कचरा अडकलाय किंवा नळाचा दाब जास्त आहे. व्हॉल्व्ह बदला, महाग नसतो. तोवर खाली लहान नळी लावून ती न्हाणीच्या मोरीत सोडा.